गावात खेळाची संस्था काढायची म्हणजे नक्की काय करायचं?

भात कापून झालं, मळे सुकले की आमच्या दापोली-मंडणगड बाजूला शेतात पिच तयार व्हायला लागतात. रोलर फिरतो, बांबूवर हॅलोजन चढतात आणि मग 'एक गाव एक संघ' नाहीतर 'वाडी मर्यादित' अशा अंडरआर्म क्रिकेटच्या, म्हणजे हात खांद्याखाली ठेवून बॉल टाकायच्या, टूर्नामेंट एकामागोमाग एक सुरू होतात, त्या थेट आंब्याची कामं अंगावर येईपर्यंत. मला हे सगळं मनापासून आवडतं, मी त्यातच वाढलोय. पण दोनतीन वर्षं आमच्या मंडळात एक विषय सारखा निघतोय, गावच्या मीटिंगलाही आणि मुंबईच्या मीटिंगलाही, की दरवर्षी नुसता चषक भरवायचा की मुलांसाठी कायमची अशी काही खेळाची संस्था करायची? आणि संस्था म्हटलं की धर्मादाय, ट्रस्ट, ऐंशी जी, सीएसआर हे शब्द सुरू होतात आणि अर्धी माणसं गप्प बसतात. या विषयात मी बराच शिरलोय, कागद वाचलेत, चार लोकांना विचारलंय, म्हणून जेवढं पक्कं समजलंय ते सरळ लिहून काढतो.

आधी एक घोळ मिटवू. खेळाशी जोडलेल्या तीन वेगळ्या गोष्टींना आपण सगळ्यांना 'मंडळ' म्हणतो. एक असतो संघ, त्याचं काम जिंकणं, त्यामुळे वाडीतले सगळ्यात चांगले सात किंवा अकरा निवडायचे आणि उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या, यात चूक काही नाही. दुसरी असोसिएशन, कबड्डीची, खोखोची, जी स्पर्धा घेते, पंच देते, जिल्ह्याचा संघ निवडते. आणि तिसरी खेळाची धर्मादाय संस्था, जिचं काम नेमकं तिथून सुरू होतं जिथे पहिल्या दोघांचं संपतं, म्हणजे ज्या पोराची निवड झाली नाही, ज्या मुलीला मैदानावर पाठवलंच नाही, ज्याला कुणी विचारलंच नाही त्याच्यापासून. तिथे खेळ हे निमित्त असतं. उद्देश असतो मूल शाळेत टिकावं, धीट व्हावं, व्यसनाच्या वाटेला जाऊ नये, चार वेगळ्या लोकांत मिसळावं. आणि जमलेला पैसा सभासदांत वाटून घेता येत नाही, तो लोकांच्या कामालाच लागला पाहिजे.

मुलांची जडणघडण आणि सगळ्यांना सामावून घेणं हे दोन शब्द प्रत्येक संस्थेच्या पत्रकावर असतात. पहिल्याबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज आहे की मूल मैदानावर गेलं की आपोआप घडतं. तसं होत नाही. मैदानावर पोरगं शिस्त शिकतं तसंच शिव्या, पैसे लावून खेळणं, पंचाच्या अंगावर जाणं हेही शिकतं, आपण सगळ्यांनी बघितलंय. कुठलं शिकेल हे खेळावर ठरत नाही, शिकवणाऱ्यावर ठरतं. तोच माणूस, त्याच वारी, त्याच जागी, दोन-तीन वर्षं न चुकता येतो, मुलांना नावाने ओळखतो, दोन दिवस आलं नाही तर घरी जाऊन विचारतो, तेव्हा कुठे काही घडतं. तीन दिवसांचं उन्हाळी शिबीर घेऊन, टोप्या वाटून, फोटो काढून हे होत नाही. मला विचाराल तर संपूर्ण विषयाचं मूळ इथे आहे आणि पैसाही इथेच लागायला पाहिजे.

हे कसं करतात याची मोठी उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. नागपुरात विजय बारसे नावाचे क्रीडाशिक्षक, त्यांनी पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत फुटबॉल खेळताना बघितली आणि तिथून २००१ साली स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली, पुढे २०१६ ला संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. मुंबईत १९९९ ला सुरू झालेली मॅजिक बस ही संस्था, आपल्या कोकणात कर्जतला त्यांचं केंद्र आहे, त्यांची पद्धत अशी की खेळातच धडा घालायचा. पकडापकडी खेळताना पकडणारा म्हणजे आजार, वाचवणारा म्हणजे हात धुणं, असलं काहीतरी, आणि खेळ संपला की गोल करून बोलायचं की आता काय झालं.

बाहेरच्या देशातली दोन उदाहरणं मला आपल्या किनाऱ्याला फार जवळची वाटतात. केनियात नैरोबी शहरात माथारे नावाची प्रचंड झोपडपट्टी आहे, तिथे १९८७ पासून मुलांची फुटबॉल लीग चालते आणि त्या लीगमध्ये वस्तीतला कचरा उचलला की संघाला पॉइंट मिळतात, सामना जिंकल्यासारखेच टेबलात धरले जातात. आता आपला किनारा डोळ्यासमोर आणा. भरतीबरोबर येणारं प्लॅस्टिक, फाटकी जाळी, थर्माकोल. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मुंबई-पुण्याहून लोक येतात, मग तोच किनारा साफ केल्याबद्दल कबड्डीच्या लीगमध्ये वाडीला दोन पॉइंट द्यायला आपल्याला कोण अडवतंय?

दुसरं उदाहरण कोलंबियातल्या मेडेयीनचं. तिथे १९९४ ला आंद्रेस एस्कोबार या फुटबॉलपटूचा खून झाला, वर्ल्डकपमध्ये त्याच्याकडून स्वतःच्याच संघावर गोल झाला होता. त्यानंतर तिथल्या तरुणांसाठी एक वेगळाच फुटबॉल सुरू केला गेला. पंच नाही. मुलं-मुली एकत्र. सामन्याआधी दोन्ही संघ बसून नियम ठरवणार, मग खेळणार, मग परत बसून एकमेकांना नीट वागल्याचे गुण देणार आणि ते गुण गोलांबरोबर धरले जाणार. आणि पहिला गोल मुलीने केल्याशिवाय मुलांचे गोल मोजायचे नाहीत असाही नियम होता. हा एक नियम काय करतो बघा, मुलं आपणहून मुलीला पास द्यायला लागतात, कुणी भाषण द्यावं लागत नाही.

आता सामावून घेण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक, म्हणजे आपण आपलीच केलेली, इथे असते. आमच्या वाडीत एक मुलगा आहे, एका पायात जोर कमी. तो कायम स्कोअर लिहायला बसायचा, आणि आम्ही सगळे समजत होतो की बघा आपण त्याला किती छान सामावून घेतलंय, त्याच्याशिवाय मॅच सुरू होत नाही. एकदा टूर्नामेंट संपल्यावर रात्री स्टंप काढता काढता तो म्हणाला, "दादा, मी एक ओव्हर टाकू काय?" सात वर्षं तो बाउंड्रीच्या बाहेर बसला होता. सात वर्षांत आमच्यापैकी एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

यासाठी जगभर शिकवणारे एक साधी युक्ती वापरतात, तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'स्टेप' (स्पेस, टास्क, इक्विपमेंट, पीपल) म्हणतात, म्हणजे चार गोष्टी बदलून बघायच्या: जागा, काम, साहित्य आणि माणसं. मुलाला बदलायचं नाही, खेळ बदलायचा. पिच जरा आखूड केलं ही जागा. त्याच्यासाठी रनर दिला किंवा तो उभा राहून टाकेल, धावत यायची गरज नाही, हे काम. हलकी बॅट, मोठा बॉल हे साहित्य. आणि माणसं म्हणजे कोण कुणाबरोबर खेळतंय, किती जण, तो अनोळखी मोठ्यांत आहे की ओळखीच्या बरोबरीच्यांत. आमचा तो मुलगा आता उभ्याने अंडरआर्म टाकतो आणि त्याचा बॉल असा आत वळतो की भले भले बोल्ड होतात. आम्ही फक्त नियम एक बदलला होता.

कबड्डीत बघा. मुकं किंवा बहिरं मूल असेल तर ते 'कबड्डी कबड्डी' म्हणणार कसं आणि शिट्टी ऐकणार कशी? मग दम घुमवायच्या ऐवजी त्याला हात वर धरून चढाई करू द्यायची, नाहीतरी चढाई तीस सेकंदांचीच असते, आणि शिट्टीबरोबर रुमाल हलवायचा. संपलं. अंध मुलांचं क्रिकेट तर आपल्या कोकणी माणसाला लगेच कळेल असं आहे कारण त्यात बॉलिंग अंडरआर्मच असते, प्लॅस्टिकचा बॉल, आत छर्रे, ते वाजतात, बॉल टप्पे घेत जमिनीलगत येतो आणि बॅट्समन कानाने खेळतो. संघात अकरातले किमान चार पूर्ण अंध असावे लागतात आणि त्यांनी काढलेल्या धावा दुप्पट धरतात. २०२५ मध्ये अंध महिलांचा पहिला टी-ट्वेंटी वर्ल्डकप भारताच्या मुलींनी जिंकला. अंडरआर्मची एवढी परंपरा आपल्याकडे आहे, तरी आपल्या एका तरी टूर्नामेंटला असा एक सामना का नसावा?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, आणि खेळात भाग घेण्याचा हक्क त्यात वेगळा लिहिलाय. आणखी एक, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून विचारा की यातून मैदानावर जायला रॅम्प किंवा साहित्य होईल का. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

पण सामावून घेणं म्हणजे फक्त दिव्यांग नाही. कोकणात कोण बाहेर राहतं याची यादी आपली आपल्यालाच करावी लागते, कुठल्या परदेशी पुस्तकात ती मिळणार नाही. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांची पोरं, जी शाळेत आपल्या मुलांपेक्षा चांगलं मराठी बोलतात पण वाडीच्या संघात 'वाडी मर्यादित' या नियमाने बसत नाहीत. कातकऱ्यांची मुलं, रायगडात आणि आमच्या मंडणगड-खेड बाजूला, जी पावसाळ्यानंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर, कोळशाच्या कामाला जातात आणि पाऊस तोंडावर आला की परत येतात, म्हणजे आपला खेळाचा सगळा सीझन ती गावातच नसतात. हर्णैसारख्या बंदरावरची मुलं, जी नववी-दहावीत खलाशी म्हणून बोटीवर चढतात. या तिघांसाठी उत्तर एकच नाही. नेपाळी मुलासाठी नियमाची एक ओळ बदलायची, 'वाडीत राहणारा' एवढंच लिहायचं. कातकरी मुलांसाठी वेळापत्रक उलटं करून पावसाळ्यात काहीतरी ठेवावं लागेल. आणि बोटीवरच्या मुलांसाठी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ते दोन महिने हातात मिळतात, तेव्हा ती घरी असतात, तेव्हाच गाठायची.

आणि मुली. मुलींबद्दल लोक म्हणतात घरचे पाठवत नाहीत, पण घरच्यांना जाऊन विचारलं तर कारणं फार साधी निघतात. मैदानावर बाथरूम नाही. येताना अंधार होतो. शेवटची एसटी सहाची आहे आणि प्रॅक्टिस साडेसहाला सुटते. शिकवणारे सगळे पुरुष. म्हणून मी म्हणतो की मुलींच्या प्रॅक्टिसची वेळ ही एसटीच्या टाइमटेबलवरून ठरवायची, आपल्या सोयीने नाही. २०२३ पासून बायका-मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचा भार तसा हलका झालाय, गाडीची वेळ जुळवणं हेच खरं काम उरतं. आणि एक तरी ताई शिकवायला हवी, मग ती गावातलीच माहेरवाशीण का असेना जी शाळेत खोखो खेळायची. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खोखोचा पहिला वर्ल्डकप झाला आणि आपल्या मुलींनी तो जिंकला, कप्तान महाराष्ट्राचीच प्रियांका इंगळे. हे टीव्हीवर बघून आमच्या शाळेच्या मैदानात खुंट परत रोवले गेले, अगदी खरंच.

आता पैशाचं. समजा एका मोसमात गावची वर्गणी, चाकरमान्यांची मदत, जाहिराती मिळून दोन लाख जमले. टूर्नामेंटमध्ये ते लाइट, मंडप, ट्रॉफ्या, रोख बक्षिसं, यूट्यूब लाइव्ह यात चार रात्रीत जातात. तेच दोन लाख संस्थेकडे असले तर शिकवणाऱ्याला महिना आठ हजार मानधन धरून वर्षाचे शहाण्णव हजार, आणि उरलेल्या एक लाख चार हजारात बॉल, चटया, एसटीभाडं, प्रथमोपचाराची पेटी आणि प्रॅक्टिसनंतर शेंगदाणे-गूळ, केळी, अंडी. अंडी-केळ्यांचा खर्च कुणी फालतू समजू नये, संध्याकाळी साडेपाचला उपाशीपोटी पळणारी मुलं आपल्याकडे आहेत. टूर्नामेंट बंद करा असं मी म्हणत नाही, ती गावाची जत्रा आहे आणि वर्गणीही तिच्यामुळेच जमते. तिच्यातला चौथा हिस्सा जरी बाजूला काढला तरी सुरुवात होते.

नोंदणीचं सोप्यात सांगायचं तर आपल्या राज्यात अशा संस्थेला साधारण दोन नोंदण्या लागतात, एक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, त्याला किमान सात सभासद, आणि दुसरी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, धर्मादाय आयुक्तांकडे. जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस असतं. संस्थांच्या लेटरहेडवर 'एफ' आणि पुढे नंबर दिसतो ना, तो हा दुसरा. त्यानंतर दरवर्षी ऑडिट करून हिशोब सादर करायचा, आणि अध्यक्ष-सेक्रेटरी बदलले की नव्वद दिवसांत फेरफार अर्ज टाकायचा. गावच्या संस्था बुडतात त्या बहुतेक या शेवटच्या कागदावर. जुनी कमिटी मुंबईला, नवी गावात, कागदावर दहा वर्षांपूर्वीची माणसं, त्यातली दोन वारलेली, आणि मग बँकेत सहीच चालत नाही. नोंदणी केली तर हे काम वर्षानुवर्षं करणारा एक चिकट माणूस आधी शोधा, अध्यक्ष कोण याच्यावरून भांडण्याआधी.

ऐंशी जी म्हणून जे ओळखतात ते आयकर खात्याकडून वेगळं घ्यायचं असतं, त्याचा फायदा देणगीदाराला, साधारण देणगीच्या निम्म्या रकमेवर त्याला करात सूट मिळते, तीही तो जुन्या कररचनेत असेल तर, आणि दोन हजारावर रोख दिलं तर ती सूट नाही. म्हणून चेक किंवा ऑनलाइन. सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजाच्या कामावर खर्च करावे लागतात ते, २०१३ च्या कंपनी कायद्याने, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचं आणि पॅरालिम्पिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रशिक्षण हा शब्द नीट वाचा, चषक नव्हे.

आखातातल्या आपल्या माणसांबद्दल एक प्रश्न हमखास येतो, कारण किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतलं कुणीतरी कुवेत, दुबई, कतारला आहे. त्यांनी पैसे पाठवले तर परदेशी देणगी होते का? पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवले असतील तर नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र होते, आणि मग परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली परवानगी नसताना एक रुपयाही घ्यायचा नाही, सख्खा भाऊ असला तरी.

आणि ज्या गोष्टीवर मीटिंगमध्ये सगळे खाली बघतात ती मी इथे लिहितोच. मुलांच्या सुरक्षेचे नियम पहिल्या दिवशी कागदावर पाहिजेत. एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत, गाडीवर, मुक्कामाला नाही, कायम दोन मोठे, मुली असतील तर त्यातली एक बाई. पालकांची लेखी संमती. मुलांना खासगीत रात्री मेसेज नाहीत. २०१२ चा पॉक्सो कायदा अठराच्या आतल्या प्रत्येक मुलाला लागू आहे, आणि त्यात असं आहे की गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, न कळवणं हाही गुन्हा, संस्थेच्या प्रमुखाला तर जास्त शिक्षा. 'गावातलं गावात मिटवू' हे इथे चालत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा फुकट नंबर मैदानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा, मुलं वाचतात.

काम बरं चाललंय हे ओळखायचं कसं? मेडल मोजून नाही. हजेरीची एक साधी वही ठेवायची आणि तीन गोष्टी बघायच्या. जूनमध्ये आलेली मुलं मार्चमध्ये किती उरली. त्यात मुली किती, आणि वाडीतल्या कुठल्या टोकाची मुलं अजून आलीच नाहीत. आणि जी गळली ती का गळली, घरी जाऊन विचारून पुढे एक ओळ. देणगीदाराला फोटोंच्या अल्बमऐवजी ही वही दाखवा. आमच्या वहीत 'बोटीवर गेला' अशी ओळ एका वर्षात चार मुलांपुढे लिहावी लागली, आणि त्या वहीमुळेच मुंबईच्या मीटिंगला पहिल्यांदा चर्चा ट्रॉफीच्या उंचीवरून मुलांची शाळा अर्धवट सुटण्यावर आली.

राहिला पाऊस. चार महिने मैदान म्हणजे चिखल, कातळाच्या सड्यावर शेवाळ, आणि इतर संस्थांच्या माहितीपत्रकात या चार महिन्यांचं उत्तर सापडत नाही कारण ती कोकणात लिहिलेली नसतात. आम्ही शाळेच्या पडवीत आणि देवळाच्या सभामंडपात बसून खेळ, दोरीउड्या, सूर्यनमस्कार केले, पण मुलं कंटाळतात. यंदा दोरीच्या मल्लखांबाचं ठरवलंय. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरातले उदय देशपांडे, ज्यांना २०२४ ला पद्मश्री मिळाली, त्यांनी अंध मुलांना, अनाथ मुलांना, आदिवासी मुलांना मल्लखांब शिकवलाय, म्हणजे ज्यांची यादी आम्ही करतोय त्यांनाच. जागा लागते एका खोलीएवढी, खाली जाड गाद्या आणि शिकवायला शिकलेलं माणूस. आमच्याकडची एक मुलगी चिपळूणला जाऊन शिकून आली आहे. शाळेच्या हॉलची तुळई किती वजन धरेल ते सुताराने बघून सांगितलंय, कडी बसवायची परवानगी मिळावी म्हणून शाळा समितीला पत्र दिलंय, आणि कातकरवाडीवर निरोप पाठवलाय की मेअखेर परत आलात की पोरांना शनिवारी दुपारी तीनला पाठवा, चारची गाडी परतीला आहे.